पाचवा गडी

नीमी, ३ मार्च १९५६

रेइजी,

पुडकं मिळालं. पोस्टमनने सहीसाठी वही पुढे केली आणि म्हणाला, "क्योतोहून आलंय, स्टुडिओचा शिक्का आहे. मियोशीबाई, सिनेमात काम करताय की काय?" दुपारपर्यंत ही बातमी पुलापलीकडच्या न्हाव्यापर्यंत पोचली होती. वीस वर्षांत तुझी एक ओळ नाही, आणि आता आली ती थेट एकशे बारा पानांची पटकथा.

वाचली. सगळी वाचली. "पाचवा गडी" म्हणे. बाबांचं नाव बदललंस, गावाचं बदललंस, माझं बदललंस, तामेझोंचंही बदललंस. पण ज्यूदोची तालीम चालवणारा एकडोळ्या मास्तर, त्याचा पोरगा, पोरगी, आणि गुरांच्या व्यापाऱ्याचा थोराड मुलगा म्हटल्यावर नीमीतलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. त्यावर तू मला विचारतोस की बाबांची तालमीवरची पाटी चित्रीकरणासाठी देशील का. नाही देणार. पाटी जागेवर आहे. तू जागेवर नव्हतास.

तू विसरला असशील म्हणून सांगते, गावाला काय आठवतं ते. शोवा अकराचा, म्हणजे १९३६चा नोव्हेंबर. ओकायामाला जाऊन तिथल्या तालमीशी सामना, पाच विरुद्ध पाच. जिंकेल तो उभा राहतो, हरेल तो बसतो, मग पुढचा. पाचवा गडी तू. सगळ्यात शेवटचा, ज्याच्या पाठीमागे कोणी नाही असा. आणि पाचव्या गड्याची जागा रिकामी. चौथे तामेझो. त्यांनी ओकायामाचा चौथा पाडला, पण त्यात गुडघा मुरगळला. मागे कोणी असतं तर ते हार मानून बाजूला झाले असते, त्यात लाज नव्हती. पण मागे होतं कोण? चटईवरचं रिकामं आसन. म्हणून ते तसेच ओकायामाच्या पाचव्या गड्यासमोर, शिराहामासमोर उभे राहिले, आणि शिराहामाने झाडूसारखा फिरवलेल्या पायाने गुडघा उलटा मोडला. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला म्हणतात. मी तिथे नव्हते.

हे गावाला माहीत आहे. आणि तू काय लिहिलंस? सदतिसाव्या पानावर बहीण पहाटे उठते, भावाला धान्याच्या कोठारात बोलावते आणि बाहेरून कडी घालते. का? तर तिला स्वतःला ज्यूदो येतं पण बायकांना सामन्यात उतरू देत नाहीत, म्हणून मत्सर!

असलं काही झालेलं नाही. कडी म्हणे. आपल्या कोठाराला कडी कधीच नव्हती, लाकडी अडसर होता.

ते पान काढून टाक. बाकी तुला काय दाखवायचं ते दाखव. तू मोठा दिग्दर्शक झालास, तुझ्या सिनेमात तू पाचवा गडी हो नाहीतर बादशहा हो. पण ते पान राहिलं तर मी वकिलाकडे जाईन.

तुझी वही मी तांदळाच्या कोठीत ठेवली आहे. यांनी ती पाहिलेली नाही. पाहणारही नाहीत.

तोकिए


नीमी, २९ मार्च

रेइजी,

तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. मला वगळून तू दवाखान्याच्या पत्त्यावर यांना पत्र घातलंस. लहानपणीही तू असाच होतास, आईने नाही म्हटलं की मागच्या दाराने आजीकडे.

मी चहा घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा हे एका म्हाताऱ्या गुराख्याचा निखळलेला खांदा बसवत होते. तालमीचा अर्धा भाग आता हाडवैद्याचा दवाखाना आहे, हे तुला माहीत नसेल. म्हातारा कण्हत होता, आणि हे त्याच्या काखेत टाच रोवून शांतपणे मला म्हणाले,

"रेइजीचं पत्र आलंय. सिनेमातल्या पोरांना पडायला शिकवायला माणूस हवाय म्हणतो."

"क्योतोतली माणसं मेली का सगळी?"

"त्याला मी हवाय."

"ज्याने तुमचा पाय घालवला त्याच्याकडे चाकरीला जाणार?"

"पाय शिराहामाने घालवला. तोही काही मुद्दाम नाही. सामना होता तो." खांदा खटकन बसला. म्हातारा "आई गं" म्हणून हसला. "आणि चाकरी कसली? पडायलाच तर शिकवायचंय. पडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही."

म्हातारा म्हणाला, "जा हो वैद्यबुवा. सिनेमात नट्या असतात."

"माझ्या वाट्याला नट येणारेत. तेही आपटायला."

दोघं हसले. मी ट्रे ठेवून बाहेर आले.

तुला एक सांगते. पहिली दहा वर्षं हे तुझं नाव शिवी दिल्याशिवाय घेत नसत. थंडीत गुडघा ठणकला की रात्रभर तुझा उद्धार. मग युद्ध संपलं. आपल्या पाचांपैकी पहिले तिघे, कात्सुता, ओनोदा आणि तो हसरा युआसा, परत आले नाहीत. एक ब्रह्मदेशात, दोघे फिलिपिन्सच्या लुझोनमध्ये. त्या वर्षी हे एकदा जेवताना म्हणाले, "तोकिए, मी रेइजीला माफ केलं." नुसतं मनात आलं आणि म्हटलं असं नाही. वर्षभर त्यासाठी झगडत होते. रोज सकाळी बाबांच्या तसबिरीसमोर बसत. दगड वाहून न्यावा तसं ते काम त्यांनी केलं.

म्हणून तुझं पत्र आल्यावर ते पोरासारखे खूश झाले. हे तुला कळतंय का? की तुला फक्त सिनेमा कळतो?

परवाच्या गाडीने निघतायत. मी स्टेशनवर जाणार नाही. ते पान त्यांच्या हाती पडलं, तर रेइजी, मी तुझं तोंड बघणार नाही. वीस वर्षं बघितलं नाही म्हणा. म्हणून ही धमकी तुला हलकी वाटेल.

तोकिए


नीमी, २२ एप्रिल

रेइजी,

यांची तीन कार्डं आली. पहिल्यात लिहिलंय की तुझा नायक दिसायला देखणा आहे पण पडतो पोत्यासारखा. दुसऱ्यात, आता तो पडताना हनुवटी छातीला लावायला शिकला, मान वाचली. तिसऱ्यात, तू यांना रोज संध्याकाळी मटण-कांद्याचं रटरटतं पातेलं समोर ठेवून जेवायला घालतोस, आणि दोघं मिळून बाबांच्या नकला करता. "रेइजी बदललाय," असं लिहिलंय. "खूप बोलतो, पण त्या दिवसाबद्दल विचारलं की सिगारेट पेटवतो."

अजून तू सांगितलेलं नाहीस तर. बरं.

आता मी लिहिते ते नीट वाच आणि जाळून टाक.

हो. अडसर मी घातला. झालं समाधान?

पण तू लिहिलंस तसं नाही. तुझ्या एकशे बारा पानांत एक गोष्ट कुठेच नाही. त्या ऑगस्टमध्ये तू नदीकाठी खोकत होतास आणि रुमालात रक्त होतं. मी पाहिलं. तुला घेऊन मी चोरून ओकायामाला गेले. डॉक्टरांनी छातीला कान लावला आणि सांगितलं, सहा महिने धावायचंसुद्धा नाही. तू गाडीत माझे पाय धरलेस. "ताई, बाबांना सांगू नकोस. सामना होऊ दे, मग मी वर्षभर झोपून राहीन." मी शपथ घेतली. तेवीस वर्षांची होते. शपथ मोडायची नाही एवढंच मला शिकवलेलं होतं.

सामन्याच्या आदल्या रात्री तू पुन्हा खोकलास. भिंतीपलीकडे मी जागी होते. शिराहामाने महिन्याभरापूर्वीच एका पोराची बरगडी मोडली होती. पहाटे सहाला मी तुला म्हटलं, कोठारातून बाबांची जुनी पेटी काढून दे. तू आत गेलास. मी अडसर टाकला. तू दारावर धडका देत होतास आणि मी दाराला पाठ लावून बसले होते. मग तुझा धक्का थांबला आणि खोकला सुरू झाला. मला वाटलं, बरोबर केलं मी. बघ, याला श्वास पुरत नाही. बाकीचे, तू मागच्या गाडीने येशील असं धरून, ओकायामाला निघून गेले.

रक्त तू सिनेमातून गाळलंस. नायकाच्या थुंकीत रक्त शोभत नाही, होय ना? त्याऐवजी माझ्या पोटात मत्सर घातलास. मत्सर होता. का नसावा? बाबा मला डाव शिकवायचे आणि सामन्याच्या दिवशी भाताचे गोळे वळायला बसवायचे. तुला मी तालमीत किती वेळा आपटलंय ते तुला आठवत असेल. पण त्या पहाटे मत्सर नव्हता. त्या पहाटे नव्हता.

आणि तू तरी काय केलंस? दुपारी वरच्या खिडकीचे गज काढून बाहेर पडलास. तेव्हा ओकायामाला जायचं होतंस. बाबांसमोर उभं राहून सांगायचं होतंस. त्याऐवजी टोकियोची गाडी पकडलीस. मी संध्याकाळी अडसर काढला तर आत कोणी नाही. त्याच वेळी चौघांनी दाराच्या फळीवर तामेझोंना घालून आणलं. बाबांनी विचारलं, "रेइजी कुठे आहे?" मी म्हटलं, "गेला."

खोटं नव्हतं ते. गेलाच होतास.

आता ते पान काढ. मी पाया पडत नाही, सांगतेय.

तोकिए


नीमी, १७ मे

रेइजी,

मी तुझ्या स्टुडिओत आले, तमाशा केला, हे तुझे लोक महिनाभर चघळतील. चघळू देत. तू माझ्या पत्राला उत्तर दिलं असतंस तर मला सहा तास गाडीत बसावं लागलं नसतं.

मला फाटकावरच्या माणसाने विचारलं, "कोण आपण? कपडेपटातल्या नव्या बाई का?" मी म्हटलं, "मी खलनायिका." त्याने सोडलं.

आणि आत आले तर समोर आपलं कोठार. पांढरी भिंत, काळी कौलं, वरती ती एवढीशी खिडकी. मागून पाहिलं तर बांबू आणि कापड. पण पुढून, रेइजी, पुढून ते इतकं खरं होतं की माझ्या पाठीला ते दार लागलं. आणि दाराला अडसर. कडी नाही. माझ्या पहिल्याच पत्रावरून तू कडी काढून अडसर लावलास. नालायका.

तू तिथे उभा होतास. केस पिकलेत तुझे. मी तुला ओळखलं नसतं, पण तू खोकलास.

"ताई," म्हणालास.

"हे पाड."

"आधी बस तरी. चहा घे."

"हे कुठे आहेत?"

"भाऊजी शेजारच्या शेडमध्ये आहेत. पोरांना पाडतायत. त्यांना काही माहीत नाही. उद्या हे दृश्य आहे, तेव्हा कळेल."

"कळणार नाही. पाड."

तुझा तो चष्मेवाला मदतनीस मध्ये पडला, "बाई, हा सिनेमाचा कणा आहे. हे काढलं तर नायक विनाकारण पळतो. पळपुटा ठरतो."

मी म्हटलं, "ठरू दे की. वीस वर्षं ठरलेलाच आहे."

 एक सुतार शिडीवर होता, तो हातोडा धरून थांबला. मला वाटलं आता तू ओरडशील. भांडशील. मला ते हवं होतं. आयुष्यभर साठवलेलं सगळं मी तोंडाशी आणून ठेवलं होतं. पण तू माझ्याकडे बघत राहिलास, आणि हलक्या आवाजात विचारलंस,

"नक्की, ताई? काढू?"

"काढ."

तू सुतारांना हाक मारलीस. "उतरवा हे."

"साहेब, उद्याचं?"

"उद्याचं नाही. उतरवा."

त्यांनी कौलं काढायला सुरुवात केली तेवढ्यात हे काठी टेकत आले. घामाघूम, अंगात बाबांचा ज्यूदोचा जुना डगला, चेहरा उजळलेला. वीस वर्षांत मी यांना इतकं आनंदी पाहिलेलं नाही. मला पाहून चकित झाले. "तोकिए! तू? अगं, काय झालं? गावाकडे सगळं ठीक?" मग कोठाराकडे बघून म्हणाले, "अरे, हे आपल्यासारखं दिसतंय. हे कशाला बांधलं होतं?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू सिगारेट पेटवलीस.

"चुकून बांधलं, भाऊजी," म्हणालास.

यांचं शिकवण्याचं काम आटोपलं होतं; परतीच्या गाडीत मी यांच्या समोर बसून मटार सोलत होते, कोणा बाईने दिलेले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

आभार मानणार नाही. तू माझं काही देणं लागत होतास असं नाही, आणि मीही लागत नाही.

तोकिए


नीमी, १२ सप्टेंबर

रेइजी,

रविवारी तुझा सिनेमा इथे लागला. दुपारच्या खेळाला अख्खं गाव. थिएटरवाल्याने यांच्यासाठी पुढच्या रांगेत गादीची खुर्ची ठेवली होती आणि खेळाआधी भोंग्यावरून सांगितलं, "आपल्या मियोशी वैद्यांनी या चित्रपटात नटांना तालीम दिली आहे." टाळ्या झाल्या. हे उठून वाकले.

सुरुवातीला हे माझ्या कानात सारखे बोलत होते. "हा बघ, हा मी शिकवलेला. बघ हात कसा टेकला. आधी मनगट मोडून घेणार होता." तिघा पोरांचे सामने आले, तेव्हा कात्सुताची बहीण मागे रडायला लागली. मग पाचव्या गड्याचं रिकामं आसन आलं. तू ते किती वेळ दाखवलंस! चटई, त्यावर घडी केलेला पट्टा, आणि कोणी नाही. मग रेल्वे, आणि खिडकीत नायकाचा चेहरा. कारण काहीच नाही. नुसता पळाला.

थिएटरात लोक ओरडले. "थू!" "पळपुट्या!" कोणीतरी संत्र्याची साल पडद्यावर फेकली. हा तूच आहेस, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि हे तू स्वतःच्या हाताने केलंस, स्वतःचं तोंड साऱ्या देशासमोर काळं करून, माझ्या एका शब्दावर.

मी मार्चपासून तुला अंगातलं सगळं बळ लावून ढकलत होते. तू रेटा दिलाच नाहीस. नुसता बाजूला झालास. आणि मी माझ्याच जोराने तोंडावर पडले. बाबा असते तर त्यांनी हात उंच करून पूर्ण गुण दिला असता. तुझं ज्यूदो इतकं चांगलं कधीच नव्हतं.

लोक साली फेकत होते तेव्हा हे हसले नाहीत. अंधारात म्हणाले, "इथेच चुकलंय. मी रेइजीला म्हटलं होतं, अरे, कारण दाखव. माणूस असा उगाच पळत नाही. तर म्हणाला, भाऊजी, घाबरलो, एवढंच. पण रेइजी घाबरट नव्हता गं. बाकी काहीही होता."

थिएटरमधून आम्ही नदीच्या बांधावरून परत आलो. ऊन होतं. पोरं पाण्यात जाळी लावून बसली होती. मी बांधावर थांबले आणि सांगितलं. रक्त, डॉक्टर, शपथ, अडसर, सगळं. तू टोकियोहून बाबांना पाठवलेली तीन पत्रंही. होय, पोचली होती. मी ती न्हाणीच्या चुलीत घातली. हे तुला या पत्रातून पहिल्यांदाच कळतंय. कळू दे.

हे नदीकडे वळले. मग म्हणाले, "किती वाजता घातलास अडसर?"

"सहाला."

"सातला मी तालमीच्या दाराशी आलो होतो. तू तांदूळ धूत होतीस. मी तुला विचारलं, रेइजी कुठाय. काय म्हणालीस तू?"

"झोपला असेल."

"झोपला असेल," हे म्हणाले. मग परत एकदा, जरा मोठ्याने, "झोपला असेल."

मी घाबरले. आणि घाबरून जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तो पाय धड असता तर तुम्हीही कात्सुताबरोबर ब्रह्मदेशात राहिला असतात. त्या गुडघ्यानेच तुम्हाला वाचवलं."

"ते गाव म्हणतं," हे म्हणाले. "गावाने म्हणावं, मी ऐकावं. तू म्हणायचं नाहीस."

मग काठी टेकत पुढे निघाले. थोडं जाऊन थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्याला माफ केलं होतं, तोकिए. किती कष्टाने केलं होतं. ते आता कुठे ठेवू?"

 तुला याचं उत्तर येतं का?

गाव मला वीस वर्षं सती-सावित्रीच्या पंक्तीत बसवत आलं. पंगू माणसाशी लग्न केलं, त्याला घरजावई करून बापाची तालीम राखली, केवढं मन. मी मान खाली घालून ऐकत असे. विनयाने, असं त्यांना वाटे.

त्या दिवसापासून हे दवाखान्यात झोपतात. रोग्यांशी बोलतात, थट्टा करतात. माझ्याशी नाही. ताट ठेवते, रिकामं परत येतं. काल मी गुडघ्याला पट्टी बांधायला गेले, रोजच्यासारखी. पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली. वाकडी बांधली. मी बघत उभी राहिले.

हे सगळं तुला का लिहितेय? सुखी व्हावंस म्हणून नाही. तू त्या पानावर मला खोटं कारण दिलंस, पण दार खरं होतं. मी तुझ्याकडून दारच काढून घेतलं. दोघांनी मिळून एका भल्या माणसाला वीस वर्षं चुकीच्या माणसावर रागवायला लावलं. तू गप्प बसलास, मी बोलले नाही. यात कमी-जास्त कोण ते ठरवायला पंच नाही.

तोकिए


नीमी, १६ सप्टेंबर

रेइजी,

आज सकाळी हे स्वयंपाकघरात आले. सात दिवसांनी. माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी क्योतोला जातो."

"त्याला भेटायला?"

"हो."

"काय बोलणार?"

"माहीत नाही." मग पिशवी ओढून घेत, "आधी त्याला दोनदा आपटीन बहुतेक. मग बघू."

"परत येणार?"

यांनी डगला घडी करून पिशवीत घातला. मी भाताचे गोळे बांधून दिले. पिशवीत ठेवले, परत केले नाहीत, एवढं मी पाहिलं.

मी तुझी माफी मागत नाही आणि तुला देतही नाही. मटण-कांद्याच्या पातेल्याने हे भागणार नाही, हे ध्यानात ठेव. त्यांनी आपटलं तर उठू नकोस लगेच. सिगारेट पेटवायची नाही. विचारतील ते सांगायचं, रक्तासकट.

वाटेत दोन रात्री एका जुन्या रोग्याकडे थांबून मंगळवारी दुपारी चारच्या गाडीने पोचतील. मदतनीस पाठवू नकोस, स्वतः जा. फलाटावरून बाहेर पडायला जिना आहे तिथे, मे महिन्यात मी पाहिला. चढताना काही होत नाही, उतरताना गुडघा दगा देतो. हात पुढे करू नकोस, त्यांना राग येतो. नुसता त्यांच्या पुढे एक पायरी खाली चाल, दुसरंच काहीतरी बोलत, मागे न बघता. पडले तर तुझ्या पाठीवर पडतील. मी तसंच चालत आलेय. त्यांना अजून कळलेलं नाही.

तोकिए